ट्रॉमा आणि स्ट्रेससाठी शरीराकडून काम करताना: आधी काय, मग काय आणि कुठे थांबायचं

सोमॅटिक थेरपी, म्हणजे ट्रॉमावर (मोठ्या धक्क्याचा मागे राहिलेला आघात) आणि स्ट्रेसवर शरीरातल्या संवेदनांच्या वाटेने काम करणं, म्हणून हल्ली जे फिरतंय त्यातलं बरंचसं कामाचं आहे, पण लोक ते उलट्या क्रमाने करतात. व्हिडिओ लावायचा, डोळे मिटून आडवं व्हायचं, छातीत जे दाबून बसलंय त्याच्यावर थेट लक्ष न्यायचं, मग दहा मिनिटांत रडून अंगातलं त्राण जातं आणि दुसऱ्या दिवशी सगळं आधीपेक्षा वाईट वाटतं. त्यानंतर एकतर मला हे झेपत नाही म्हणून सोडून देतात, नाहीतर अजून आत जायला पाहिजे म्हणून आणखी जोर लावतात. म्हणून हा लेख फक्त क्रमावर आहे.

खालचा साचा मुख्यतः अमेरिकन थेरपिस्ट पीटर लेव्हिन यांच्या सोमॅटिक एक्सपीरियन्सिंग या पद्धतीतल्या दोन गोष्टींवर उभा आहे, त्रासाला थोडा थोडा हात लावायचा आणि दर वेळी बऱ्या जागी परत यायचं. एक गोष्ट आधीच सांगतो. पीटीएसडीसाठी (ट्रॉमानंतर महिन्याहून जास्त टिकणारा मानसिक आजार) सगळ्यात भक्कम पुरावा ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून नजर डावी-उजवीकडे हलवत करायची थेरपी) या दोन उपचारांचा आहे. शरीरावरच्या पद्धतींचे अभ्यास झालेत, आणि काही चांगलेही आहेत (२०१४ मध्ये अमेरिकेत ६४ बायकांवर झालेल्या ट्रॉमा-सेन्सिटिव्ह, म्हणजे ट्रॉमा झालेल्यांसाठी बेतलेल्या, योगाच्या अभ्यासात योगाच्या गटाला फायदा दिसला होता), पण ते संख्येने कमी आहेत. त्यामुळे घरी जे करायचं ते उपचाराला जोड म्हणून करा, आणि चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, प्लीज.

## सुरू करण्याआधी: घरी करायचं की नाही

हा भाग बहुतेक जण स्क्रोल करून पुढे जातात. तुम्ही जाऊ नका.

पहिला प्रश्न, त्रास घडून गेलाय की अजून चालू आहे? घरात मारहाण चालू असेल किंवा रोज ज्याच्यासमोर जावं लागतं त्याच माणसाची भीती असेल, तर तुमचं शरीर सावध आहे ते बरोबरच आहे, त्याला शांत करायच्या मागे आधी लागू नका. आधी सुरक्षित जागा. बायकांसाठी १८१ हेल्पलाइन आहे, तातडीचं असेल तर ११२.

दुसरं, घटना घडून महिनासुद्धा झाला नसेल (अपघात, घरातला अचानक मृत्यू, हल्ला) तर खालच्या पहिल्या तीन पायऱ्याच करा, पुढे जाऊ नका. या काळात झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं हे खूप जणांना होतं आणि बऱ्याच जणांचं ते हळूहळू आपोआप ओसरतं, म्हणूनच डॉक्टरही महिन्याच्या आत पीटीएसडीचं निदान करत नाहीत. घरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस काय झालं ते पहिल्यापासून सांग म्हणतो, ते सांगायची तुमच्यावर सक्ती नाही. घरातल्या एकाने दारातच येणाऱ्यांना तसं सांगून ठेवलं तर फार मोठी मदत होते.

तिसरं, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, आवाज ऐकू येत असतील, बायपोलर (मूड टोकाचा चढायचा-उतरायचा आजार) असेल, दारू किंवा नशेशिवाय दिवस जात नसेल, तर एकट्याने हे करायचंच नाही. फिट येत असतील, हार्टचा त्रास असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारून, आणि सातवी पायरी तर त्यांनी हो म्हटल्याशिवाय नकोच.

थांबा: छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, वजन उतरणं हे सगळं थायरॉइडमुळेही होतं, रक्त कमी असलं तरी धाप लागते. एकदा डॉक्टरांना दाखवून साध्या रक्ततपासण्या करून घ्या. छातीत कळ येऊन ती हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल तर श्वासाचे व्यायाम करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

## तयारी

जागा. वन रूम किचनमध्ये पाच माणसं असताना स्वतंत्र खोली कुठून आणायची हे मला कळतं. खोली नको, एक कोपरा पुरतो, जिथे पाठ भिंतीला टेकते आणि दार दिसतं. दाराकडे पाठ करून बसायचं नाही. ट्रॉमा झालेल्या शरीराला मागून कुणी येईल का ही धास्ती असते आणि मग सगळं लक्ष त्यातच जातं. गच्ची चालेल, उभी असलेली स्वतःची गाडी चालेल, बाहेर रिकामा बाक असेल तर तोही चालेल. बाथरूममध्ये कडी लावून करू नका, फरशी ओली असते आणि चक्कर आली तर बाहेरच्याला कळत नाही.

वेळ. सुरुवातीला दहा मिनिटं, त्याच्या वर नाही. टायमर लावा, पण आवाज मऊ ठेवा, कर्कश अलार्मने दचकायला होतं. रात्री झोपायच्या तोंडावर पाचव्या पायरीपासून पुढचं काही करू नका, झोप उडते. दुपारी चार-पाचची वेळ किंवा सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर बरं. उपाशीपोटी नको, आणि जेवून लगेच पण नको.

माणूस. घरातल्या किंवा ओळखीतल्या एकाला सांगून ठेवा की मी अमुक वेळेला हे करणार आहे आणि नंतर तुला मेसेज टाकीन. त्याला कारण सांगायची गरज नाही. मेसेज नाही आला तर त्याने फोन करायचा, एवढंच.

आकडा. ० ते १० मध्ये आत्ता अस्वस्थता किती, ते वहीत लिहा. ० म्हणजे शांत, १० म्हणजे सहनच होत नाही. हा आकडा तुमचा ब्रेक आहे. सुरू करतानाच ६ किंवा जास्त असेल तर त्या दिवशी फक्त पहिल्या तीन पायऱ्या, आणि मधे कधीही ६ ला पोचलात तर मागे यायचं.

शब्द. आपल्याकडे विचारलं तर माणूस टेन्शन आहे एवढंच सांगतो आणि गप्प होतो. टेन्शन शरीरात कुठे आहे? पोटात गोळा, घशात आवंढा, जबडा आवळलेला, खांदे कानापर्यंत चढलेले, हातपाय गार, बोटांना मुंग्या, डोकं जड, छातीवर दडपण, पायात कापरं. अशी तुमची तुमची यादी आधीच करून ठेवा, ऐन वेळी शब्द सुचत नाहीत.

## पायरी १: आधी बाहेर बघा

डोळे उघडे. पहिली मोठी चूक इथेच होते, लोक बसले की लगेच डोळे मिटतात. ध्यानाची सवय आपल्याला लहानपणापासून असते, शाळेतही डोळे मिटून प्रार्थना, त्यामुळे शांत व्हायचं म्हणजे डोळे मिटायचे हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण ज्याला जुनं काहीतरी डोळ्यांसमोर येतं त्याने डोळे मिटले की पडदाच मोकळा मिळतो.

तर खोलीत हळूहळू नजर फिरवा आणि नजरेबरोबर मानही वळू द्या, अगदी मागच्या भिंतीपर्यंत. पंखा, खिडकीची जाळी, कॅलेंडर, वाळत घातलेले कपडे. घाई नाही. एखाद्या गोष्टीवर नजर आपणहून रेंगाळली तर रेंगाळू द्या, कुंडीतल्या रोपावर असो की स्टीलच्या डब्यावरच्या चमकेवर. मग दार कुठे आहे, बाहेर कसं पडता येईल ते बघा. मनात किंवा हळू आवाजात आजचा वार, तारीख आणि आपण कुठे आहोत ते म्हणा.

दोन ते तीन मिनिटं. बऱ्याच जणांना इथेच एक मोठा उसासा येतो किंवा जांभई येते. चांगली खूण आहे, दाबू नका.

तपासा: खोलीतल्या पाच गोष्टी न बघता सांगता येतायत का? नसतील तर तुम्ही नुसती नजर फिरवली, पाहिलं नाही. परत करा.

## पायरी २: टेका

आता वजन कुठे कुठे पडतंय ते बघायचं. तळपाय फरशीवर, चप्पल काढून. मांड्या खुर्चीवर, पाठ भिंतीला. तळपाय फरशीत जरासे दाबा, सोडा, परत दाबा. मांडीवर उशी घेऊन तिच्यावर दोन्ही हात टेकवले तर बऱ्याच जणांना लवकर स्थिर वाटतं. मांडी घालून बसायचा हट्ट नको, पाय बधिर झाले की त्या मुंग्या आणि घाबरल्याच्या मुंग्या यातला फरक कळेनासा होतो.

काहींना बसून राहणंच असह्य होतं, त्यांनी उभं राहून करा. भिंतीसमोर उभं राहायचं, दोन्ही तळहात भिंतीला, आणि भिंत ढकलायची, पूर्ण ताकद नाही, अर्धी. दहा-पंधरा सेकंद ढकला, सोडा, दंडात काय होतंय ते बघा. ऑफिसमध्येही हे कुणाच्या लक्षात न येता करता येतं, टेबलाची कड खालून वर उचलल्यासारखी दाबायची.

## पायरी ३: श्वास, पण फक्त बाहेर सोडायचा लांबवायचा

इथे आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. स्ट्रेस म्हटलं की कुणीतरी कपालभाती सांगतं, भस्त्रिका सांगतं, दीर्घ श्वास घे म्हणून सांगतं. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो, त्यात अजून जोराने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली येतो, ओठांभोवती मुंग्या येतात, हलकं वाटतं, चक्कर येते, आणि माणसाला वाटतं आता आपलं काही खरं नाही. कपालभाती वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, पण या कामासाठी ती नको.

करायचं ते इतकंच. श्वास नेहमीसारखा नाकाने आत घ्या, मोठा घेऊ नका. सोडताना ओठांचा लहानसा चंबू करून हळू सोडा, घेतला त्याच्या साधारण दीडपट-दुप्पट वेळ. आत चार मोजले तर बाहेर सहा-सात. मधे रोखायचा नाही. उच्छ्वासात हृदयाचे ठोके आपोआप जरा मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवायचा, बाकी त्यात काही गूढ नाही. मोजायला कंटाळा येत असेल तर सोडताना हळू आवाजात हुंकार द्या, भ्रामरीत करतो तसा, फक्त कान आणि डोळे बंद न करता. सहा-आठ श्वास झाले की बास.

थांबा: श्वासाकडे लक्ष दिल्यावर घुसमटायला होत असेल (गळा दाबला गेला असेल, बुडता बुडता वाचला असाल, कोविडमध्ये ऑक्सिजनवर होतात, अशा लोकांना हे फार होतं) तर ही पायरी सोडून द्या. दुसऱ्या पायरीवर जास्त वेळ काढा. काही बिघडत नाही.

पहिले दोन आठवडे फक्त या तीन पायऱ्या, रोज. कंटाळवाणं वाटेल, पण परत यायचा रस्ता पाठ नसेल तर पुढे जायचं नाही. पाय टेकून दोन-चार मिनिटांत आकडा एक-दोनने खाली येतोय हे आठवड्यातले बहुतेक दिवस दिसायला लागलं की चौथी पायरी घ्या. दोन आठवड्यांत नाही दिसलं तर तीन घ्या, चार घ्या. इथे कुणाशी स्पर्धा नाही.

## पायरी ४: शरीरातली बरी जागा शोधा

ही पायरी व्हिडिओंमधून सरसकट गायब असते आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे.

त्रास कुठे आहे ते सगळ्यांना सांगता येतं. आत्ता या क्षणी शरीरात कुठे बरं आहे, ते विचारलं की माणूस अडतो. बरं म्हणजे आनंद वगैरे नाही, नुसतं त्रास नसलेलं, ठीकठाक. कुणाला तळहात उबदार वाटतात, कुणाला पाठीचा भिंतीला टेकलेला भाग, कुणाला गुडघे, कुणाला फक्त नाकाचा शेंडा, तोही चालतो. ती जागा सापडली की तिथे वीस-तीस सेकंद राहा आणि बघा ती कशी आहे, उबदार, जड, मऊ, पसरट, स्थिर, जे असेल ते.

शरीरात काहीच सापडलं नाही तर बाहेरून मदत घ्या. गरम चहाचा कप हातात, आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी, मांडीवर मांजर, किंवा ज्या माणसाजवळ कधी सुरक्षित वाटलं त्याची आठवण. पण मग परत शरीरात या, ती आठवण आल्यावर खांदे, पोट, चेहरा यात कुठे काय बदललं? ते बदललेलं म्हणजे तुमची बरी जागा.

आणि ज्यांना काहीच जाणवत नाही, मानेखाली सगळं बधिर, त्यांच्यासाठी. हे आळशीपणामुळे होत नाही आणि तुम्ही काही चुकीचं करताय म्हणूनही नाही, खूप सहन केलेलं शरीर असं बंद करून घेतं. त्यांनी अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांच्या स्नायू आवळून सोडायच्या पद्धतीने सुरुवात करा. एका हाताची मूठ पाच-सात सेकंद आवळायची, मग सोडायची आणि वीस-तीस सेकंद दोन हातांतला फरक बघायचा. मग दुसरा हात, मग पायाची बोटं. पोट आणि ओटीपोटाकडे लगेच जाऊ नका, लैंगिक अत्याचार झालेला असेल तर मुळीच नाही, तो भाग थेरपिस्टबरोबरच.

तपासा: बरी जागा पाचपैकी चार वेळा सापडतेय का? नसेल तर पाचवी पायरी अजून नाही.

## पायरी ५: त्रासाच्या कडेला जा, मध्यावर नाही

कढत चहा आपण बशीत ओतून थोडा थोडा पितो, तसं. पूर्ण कप तोंडाला लावायचा नाही.

सगळ्यात मोठ्या आठवणीने सुरुवात करायची नाही. ज्याचा आकडा ३-४ आहे असं काहीतरी आजचं घ्या, जसं साहेबांचा मेसेज आला की पोटात येणारा गोळा, किंवा मिरवणुकीतल्या डीजेच्या दणक्याने अंगावर येणारा काटा. ती गोष्ट किंचित आठवा आणि लगेच गोष्ट सोडून शरीराकडे या. गोळा कुठे आहे? केवढा? लिंबाएवढा की नारळाएवढा? कडक की मऊ? त्याची कड कुठे संपते? फक्त त्या कडेपाशी थांबा. पाच-दहा सेकंद. बस.

गोष्ट हा सापळा आहे. मन लगेच सांगायला लागतं की तेव्हा तो असं म्हणाला, मी तसं म्हणायला पाहिजे होतं, आणि पाच मिनिटं गेलेली असतात, शरीर कुठेच नसतं. असं झालं की स्वतःला न रागावता परत विचारा, आत्ता पोटात काय आहे.

## पायरी ६: ये-जा

गोळ्याच्या कडेला पाच-दहा सेकंद, मग बऱ्या जागी तीस सेकंद. परत कडेला, परत बऱ्या जागी. बऱ्या जागेचा वेळ कायम जास्त. एका बैठकीत अशा तीन-चार फेऱ्या, पाचवी नको.

काय होतं? बहुतेकदा गोळा जरा हलतो. लहान होतो, वर सरकतो, गरम होतो, कधी घशात येतो. कधी काहीच होत नाही, तेही ठीक आहे, ये-जा झाली ना? एखाद्या जागेतून दुसरीकडे जाता येतं आणि परत येता येतं, हे शरीराला कळणं हेच इथलं काम आहे. गोळा आजच गेला पाहिजे असा हट्ट धरलात की त्या हट्टानेच स्नायू आवळतात.

थांबा: आकडा ६ झाला, किंवा आवाज लांबून येतायत, हात आपले वाटत नाहीत, खोली खोटी वाटतेय असं व्हायला लागलं, तर कडेला जाणं बंद. उभे राहा. तळपाय आपटा, गार पाण्याने तोंड धुवा, खोलीतल्या वस्तूंची नावं मोठ्याने म्हणा, सांगून ठेवलेल्या माणसाला फोन लावा. अशा वेळी डोळे मिटून श्वासावर लक्ष देऊ नका, त्याने अजून लांब जायला होतं.

## पायरी ७: शरीराला काही पूर्ण करायचं असेल तर करू द्या, हळू

ये-जा करताना कधी कधी शरीर हालचाल मागतं. हात पुढे येऊन ढकलायला बघतात, पाय पळायला, मान वळायला, जबड्याला चावावंसं वाटतं. अपघातात ब्रेक मारायला गेलेला पाय महिनोन्‌महिने ताठलेला राहिल्याचं लोक सांगतात. अशी हालचाल आली तर ती करायची पण एकदम संथ गतीने, जणू पाण्यात हात हलवतोय इतकी सावकाश, आणि मधे मधे थांबून दंडात, पाठीत काय होतंय ते बघत. उशीवर धडाधड बुक्के मारून राग काढणं वेगळं, त्याने आकडा बऱ्याचदा वरच जातो.

कापरं भरलं, हात थरथरले, डोळ्यांत पाणी आलं, पोटात गुडगुडलं, ढेकर आली, अंग गरम झालं, तर येऊ द्या. ते थांबवू नका आणि मुद्दाम वाढवूही नका. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. मांड्या थकवून मुद्दाम थरथर आणायचे व्यायामही आहेत (टीआरई म्हणतात त्याला), पण ते शिकलेल्या माणसासमोर शिका, व्हिडिओवरून नाही. आणि रडू जितकं जास्त तितका फायदा जास्त असं काही नसतं. दोन मिनिटं डोळे पाणावून मग एक मोठा श्वास आला आणि खांदे उतरले, हे तासभर हमसून रडण्यापेक्षा खूप चांगलं.

तपासा: थरथर झाल्यावर आकडा खाली आला का? खाली आला तर ठीक. वर गेला किंवा थरथर पाच मिनिटांत थांबली नाही तर उभे राहा, चालायला लागा, आणि पुढच्या वेळी ही पायरी थेरपिस्टबरोबर.

## पायरी ८: बंद करा

टायमर वाजला की लोक उठतात आणि सरळ फोन बघतात किंवा कुकर लावायला जातात. असं नको. दोन मिनिटं पहिल्या पायरीसारखी खोलीभर नजर फिरवा, तळपाय दाबा, आजचा वार म्हणा. वहीत चारच गोष्टी लिहा: सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, बरी जागा कुठे होती, काय हललं. पानंच्या पानं लिहू नका, लिहिता लिहिता परत गोष्टीत जायला होतं. मग पाणी प्या, काहीतरी खा, मेसेज टाका.

लगेच गाडी चालवू नका, निदान वीस-तीस मिनिटं. त्या दिवशी दारू नको. रात्री स्वप्नं जास्त पडू शकतात, दुसऱ्या दिवशी अंग जड वाटू शकतं, ते एक दिवस असलं तर चालतं. दोन-तीन दिवस चिडचिड, झोप नाही, दचकणं वाढलंय असं असेल तर तुम्ही जास्त घेतलंय. मग पुढचा आठवडा फक्त पहिल्या तीन पायऱ्या, आणि पाचवीला परत याल तेव्हा आधीपेक्षा हलकं काहीतरी घ्या.

पाचव्या ते सातव्या पायऱ्या आठवड्यातून दोनदाच, जास्तीत जास्त तीनदा. पहिल्या चार रोज चालतात.

## ज्या चुका पायऱ्यांमध्ये बसत नाहीत

एकदम मोठं काहीतरी करून मोकळं व्हायचं ही एक ओढ असते. दहा दिवसांचं मौन शिबिर, दोन दिवसांची श्वासाची वर्कशॉप, हिलिंग रिट्रीट. इगतपुरीच्या विपश्यना शिबिराने खूप जणांना खूप काही दिलंय, पण दिवसाला दहाएक तास डोळे मिटून शरीराच्या संवेदना बघणं हे ताज्या किंवा न हाताळलेल्या ट्रॉमासाठी फार मोठा डोस आहे. तिथल्या अर्जात मानसिक आजाराबद्दल आणि औषधांबद्दल विचारतात ते त्यासाठीच. ते खरं भरा. लपवून जाणारे असतात आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी कोसळतात.

दुसरं, घरातल्यांनी करवून घेणं. आई मुलीला, नवरा बायकोला समोर बसवून आता सोड, मोकळं कर म्हणतात, प्रेमानेच म्हणतात, पण ट्रॉमात मुळात स्वतःचं चाललेलं नसतं, त्यामुळे इथे तरी सुरू कधी करायचं आणि थांबायचं कधी हे त्या माणसाच्याच हातात पाहिजे. शेजारी नुसतं बसा. हात धरू का, हे विचारा, आणि नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. योगाच्या क्लासमध्येही हेच, शिक्षकांना आधीच सांगून ठेवा की मला हात लावून आसन सुधारू नका आणि शवासनात मी डोळे उघडे ठेवीन किंवा बसून राहीन. चांगले शिक्षक ऐकतात.

## थेरपिस्टकडे कधी आणि कसं

महिना-दीड महिना नेमाने करून आकड्यांत काहीच फरक नसेल, लहानपणापासूनचं असेल, एकाच घटनेचं नसून वर्षानुवर्षांचं असेल, किंवा सहाव्या पायरीत वारंवार खोली खोटी वाटायला लागत असेल, तर एकट्याने रेटू नका.

भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, त्या नोंदणीचा सीआरआर नंबर विचारा, तो विचारण्यात उद्धटपणा काही नाही. नुसतं सोमॅटिक हीलर, ट्रॉमा कोच असं लिहिलेलं असेल तर मूळ शिक्षण काय ते विचारा. सोमॅटिक एक्सपीरियन्सिंगचं पूर्ण ट्रेनिंग साधारण तीन वर्षं चालतं, वीकेंडच्या सर्टिफिकेटवर ते होत नाही. पहिल्याच फोनवर हे विचारून घ्या: सेशनमध्ये स्पर्श असतो का, असला तर दर वेळी विचारून का, मी थांबा म्हटलं तर काय करता, मला सेशनच्या मधे काही झालं तर कुणाला फोन करायचा, फी किती आणि परवडत नसेल तर कमी होते का. पहिल्याच भेटीत सगळी घटना तपशिलात सांगायला लावणारा किंवा औषधं बंद करा म्हणणारा थेरपिस्ट सोडून द्या. कपडे काढायला सांगणं किंवा बंद दारामागे न विचारता हात लावणं याला कुठल्याही थेरपीचं नाव दिलं तरी ते चालत नाही, तिथून निघा आणि तक्रार करा.

परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग असतो, केसपेपर काढून दाखवता येतं. गर्दी असते, डॉक्टरांना वेळ कमी असतो, म्हणून वहीतले आकडे आणि लक्षणं एका पानावर लिहून न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रात्री तीनला आकडा ९ झाला तर पायऱ्या आठवत बसू नका, दिवा लावा, तळपाय फरशीवर टेकवा आणि हा नंबर लावा. तो आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.